जागल्याची (आतून गैरप्रकार उघड करणाऱ्याची) साक्ष कशी पारखावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांच्या काळात गाजलेल्या वॉटरगेट घरफोडी प्रकरणाच्या चौकशीतील साक्षीदार, निक्सन यांचे कायदा सल्लागार जॉन डीन स्वतःच प्रकरण दडपण्यात सामील होते, शिवाय साक्षीच्या बदल्यात त्यांना मर्यादित कायदेशीर संरक्षणही मिळाले होते. अशा साक्षीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

उत्तर (शाहूपुरी): हेतू शुद्ध नसला म्हणून माहिती खोटी ठरत नाही. जून १९७३ मध्ये डीन यांनी निक्सन यांच्याशी झालेल्या संभाषणांविषयी जे सांगितले, त्याचा गाभा पुढे निक्सन यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रित झालेल्या ध्वनिफितींशी जुळला. शब्दांचे तपशील मात्र अनेक ठिकाणी चुकले होते. मला तर पढवल्यासारखी बिनचूक साक्षच अधिक संशयास्पद वाटते.

उत्तर (मंगळवार पेठ): आपल्याकडे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३८ गुन्ह्यातील साथीदाराच्या पुष्टी मिळालेल्या साक्षीविषयीच बोलते. मात्र पुष्टी स्वतंत्र हवी. त्याच साक्षीदाराकडून बातमी घेतलेली दोन वृत्तपत्रे म्हणजे दोन पुरावे नव्हेत.