एरिथ्रोपॉयटिनच्या इंजेक्शनाचा रक्तवाहिन्यांशी काय संबंध?

म्हादईकाठ, वाळपई
नमस्कार. माझ्या आईचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होते आणि मशीन बंद होण्यापूर्वी परिचारिका तिला एरिथ्रोपॉयटिनचे इंजेक्शन देते. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ७.८ वरून १०.९ झाले, परंतु पूर्वी १३० च्या आसपास राहणारा वरचा रक्तदाब आता १६५ पर्यंत चढतो. हा इंजेक्शनाचा परिणाम असू शकतो, असे सांगून डॉक्टरांनी मात्रा कमी केली. तांबड्या पेशी वाढवणारे हे संप्रेरक अस्थिमज्जेत काम करते, एवढेच मी शिकलो होतो. मग ते रक्तवाहिन्यांपर्यंत कसे पोहोचते?

पेशीसंवर्धन, पणजी
रक्त दाट होणे हे एक कारण आहेच. शिवाय रक्तक्षयात प्राणवायू कमी पडल्याने सैलावलेल्या वाहिन्या हिमोग्लोबिन वाढताच पुन्हा आकसतात. परंतु वाहिन्यांच्या आतील अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या पेशींवरही एरिथ्रोपॉयटिनचे ग्राही, म्हणजे त्याला पकडून त्याचा निरोप पेशीत पोहोचवणारे रेणू असतात, ही यातली खरी महत्त्वाची गोष्ट आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे संप्रेरक मिळाल्यावर अस्तराच्या पेशी अधिक विभागल्या आणि त्याच्या दिशेने सरकल्याही. त्याच्या आदल्याच वर्षी, पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या जी-सीएसएफ आणि जीएम-सीएसएफ या घटकांबाबतही असेच दिसून आले होते. अशा प्रयोगांसाठी बहुधा बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ वापरतात. मी स्वतः ती धुऊन, तिच्या शिरेत कोलॅजिनेज हे पेशींना धरून ठेवणारे तंतू तोडणारे विकर भरून पेशी सोडवल्या आहेत. काही दिवसांनी त्या अंगणातल्या फरश्यांप्रमाणे एकमेकींना घट्ट लागून बसलेल्या दिसतात. रक्त आणि वाहिन्या यांचे नाते गर्भावस्थेपासूनचे आहे: वाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचा फ्लक-१ हा ग्राही नसलेल्या उंदरांच्या गर्भात ना वाहिन्या तयार होतात, ना रक्तपेशी.

डायलिसिस तंत्रज्ञ, मडगाव
वरील उत्तराला एक जोड देतो. एरिथ्रोपॉयटिनमुळे अस्तराच्या पेशींतून एंडोथेलिन हा वाहिन्या आकसवणारा पदार्थ अधिक स्रवतो, असे प्रयोगांत आढळले आहे. हा व्यवहार एकतर्फीही नाही, कारण जंतुसंसर्गात हेच अस्तर जी-सीएसएफ तयार करून मज्जेला पांढऱ्या पेशी वाढवण्याचा निरोप धाडते. २००६ च्या एका मोठ्या चाचणीत, डायलिसिसवर नसलेल्या मूत्रपिंडरुग्णांचे हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ११.३ चे लक्ष्य असलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना अधिक झाल्या. म्हणून मात्रा कमी करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. इंजेक्शन मात्र स्वतःहून बंद करू नका. घरी दाब मोजून रोज वहीत लिहा आणि दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढते तेही पाहा, कारण सुके बांगडे आणि मिठातले आंबे ताटात असले तर अंगात पाणी साठून दाब त्यानेही चढतो.