मदत हवी आहे: लष्करी रेकॉर्डमधलं माझं आणि पत्नीचं नाव दुरुस्त करायचंय

जय हिंद मंडळी.

मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. १९८२ ची कोल्हापूरची भरती, पेन्शनवर आलो २००६ ला. अडचण नावाची आहे, आणि ती दोन नावांची आहे.

माझं नाव ‘ज्ञ’पासून सुरू होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते मराठीत व्यवस्थित आहे. भरतीला फॉर्म भरणारे बाबू उत्तरेकडचे होते, त्यांनी ‘ग्य’ धरून इंग्रजीत जी-वाय लिहिलं. डिस्चार्ज बुकात आडनाव आधी आणि वडिलांचं नाव गायब. नोकरीत यानं काही अडलं नाही. पलटणीत माणूस नंबरावर चालतो. आर्मी नंबर बरोबर तर पगार बरोबर. निवृत्तीनंतरही बँकेतून पेन्शन बिनबोभाट येत होती. आता सगळं स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेलं. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) जी-वाय, आधारवर डी-एन-वाय. पॅन, बँक, सातबारा, सगळं आधारप्रमाणे.

माझ्या नावाचं मी निभावून नेईन. खरी काळजी पत्नीच्या नावाची आहे. लग्न झालं तेव्हा युनिटनं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या रेकॉर्डमध्ये घरची नोंद करणारा आदेश काढला, त्यात तिचं माहेरचं नाव गेलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. आधार, मतदार यादी, रेशनकार्ड सगळं सासरच्या नावानं आहे. लष्कराच्या कागदावर माझी पत्नी म्हणून जे नाव आहे, त्या नावाचा एकही कागद आज तिच्याजवळ नाही.

आमच्याच कंपनीतला एक साथीदार गेला, त्याच्या घरीही हीच तफावत होती. वहिनींना फॅमिली पेन्शनसाठी ‘मीच ती’ हे सिद्ध करत फिरावं लागलं. तलाठी, सरपंच, नोटरी, परत रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय). ज्याच्या एका सहीनं काम झालं असतं तो माणूसच नव्हता. माझ्या घरी हे होऊ द्यायचं नाही.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला होता. ‘मूळ नोंदीप्रमाणे नाव बरोबर आहे’ एवढंच उत्तर आलं. सेतूवाला म्हणतो, आधारच बदलून पीपीओसारखं करून घ्या. मला ते पटत नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव बरोबर असताना चुकीचं का धरायचं? शिवाय आधार बदललं की जमीन, बँक, पॅन सगळीकडे नवा घोळ.

दोन्ही नावांसाठी अर्ज एकच करायचा की वेगळे? राजपत्र दोघांचं लागेल का? कोणी हे पुरं करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, क्लार्क)

हवालदारसाहेब, राम राम. मी काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसातच काम केलंय, म्हणून आतल्या बाजूनं सांगतो. अर्ज वेगळे करा, कारण ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचं प्रकरण चूक दुरुस्तीचं आहे. नाव तुम्ही बदललेलं नाही, लिहिणाऱ्यानं चुकीचं लिहिलं. अर्जात ‘नावात बदल’ हे शब्दच घालू नका, नाहीतर टेबलावरचा माणूस तो नाव बदलल्याचा अर्ज समजून बाजूला ठेवतो.

दुरुस्तीला पुरावा लागतो तो भरतीच्या आधीचा. आधार, पॅन नंतरचे. त्यांचं वजन कमी. शाळेचा दाखला सगळ्यात मोठा. आणि एक काम आधी करा: माहिती अधिकारात तुमच्या एनरोलमेंट फॉर्मची (भरतीच्या अर्जाची) साक्षांकित प्रत मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्या फॉर्मवर तुमची सही असते. आपल्या भागातली बरीच पोरं त्या वेळी मराठीत सही करायची. तुमची सही मराठीत ‘ज्ञ’नं निघाली, तर तुमचं खरं नाव त्यांच्याच फायलीत पहिल्या दिवसापासून आहे. मग ‘मूळ नोंदीप्रमाणे बरोबर’ हे उत्तर टिकत नाही.

वहिनींचं मात्र बदलाचं प्रकरण. तिथं राजपत्र काढून घ्या. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, तुमचंही आणि त्यांचंही. नोटरीपेक्षा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढचं केलेलं बरं, परत यायची भीती राहत नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात, जोडीचा फोटो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती जोडा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासोबत पाठवा, म्हणजे विचारणारं कोणीतरी मागे राहतं.

रेकॉर्डनं मान्य केलं की काम संपलं असं समजू नका. सुधारित पीपीओ प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून निघायला हवा आणि स्पर्शच्या प्रोफाइलवर दिसायला हवा. तिथं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

प्रतिसाद

काका, माझे वडील लष्कराच्या सिग्नल्समध्ये (संदेशवहन दलात) होते, रेकॉर्ड जबलपूरला. आईच्या नावाचं काम आम्ही बाबा असतानाच करून घेतलं. नावासोबत काकूंची जन्मतारीखही तपासा. जुन्या नोंदींत नुसतं वय किंवा अंदाजे साल असतं. ८० वर्षं पूर्ण झाली की फॅमिली पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०. तारीखच नसेल तर ती वाढ कोणत्या महिन्यापासून द्यायची यावर फाइल अडते. ईसीएचएस कार्डावरचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) नावही बघून घ्या. आणि राजपत्रातलं इंग्रजी स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आमच्या आईच्या नावात एक ‘ए’ जास्त पडला होता, तेवढ्यासाठी सगळं परत करावं लागलं.

प्रतिसाद

आधार बदलायचा सल्ला अगदी वाईट नाही. तफावत एका अक्षराची असेल आणि बाकी कागद फारसे नसतील तर ते लवकर होतं. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे ध्यानात ठेवा. तुमच्याकडे शाळेचा दाखला आणि सातबारा दोन्ही बरोबर आहेत, तेव्हा तुम्ही दुरुस्ती लष्कराकडूनच मागा. सगळे पुरावे देऊनही नकार आला तर तो लेखी घ्या. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे, तिथं दाद मागता येते. तोंडी नकार घेऊन तिथं जाता येत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदारसाहेब, सही मराठीतच करत होतो, हे तुम्ही लिहिल्यावर आठवलं. माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाकतो. पत्नीची जन्मतारीख रेकॉर्डला काय आहे हेही त्यातच विचारतो. तिला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं शाळेचा दाखला माहेराहून मागवलाय, त्यावर माहेरचं नाव आणि तारीख दोन्ही आहेत. एक राहिलं: जाहिरात कोणत्या वर्तमानपत्रात द्यायची?

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, क्लार्क)

वहिनींचा तो दाखला सोन्यासारखा जपा, रेकॉर्डमधल्या नावाला जोडणारा तोच एक कागद आहे. मूळ प्रत कुठंही पाठवू नका. जाहिरात एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्रात द्या. मजकुरात तुमचा आर्मी नंबर, हुद्दा, पत्नीची दोन्ही नावं आणि प्रतिज्ञापत्राची तारीख येऊ द्या. अंक हातात आला की कात्रण काढू नका, अख्खं पान ठेवा. वरची तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव दिसलं नाही तर अर्ज परत येतो.