टायमिंग बेल्टसाठी घरगुती हत्यार: चालतं की नाही?

लोखंडी_हात:
परवा टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा आणि कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, या दोघांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) स्वतः बदलला. क्रँक पुलीचा बोल्ट सुटता सुटेना, पान्ह्याला जोर दिला की पुलीच फिरायची. शेवटी हातभर लांब, 6 मिमी जाड पट्टी घेतली, मधोमध सॉकेट जाईल एवढं भोक पाडलं आणि पुलीच्या भोकांत बसणारे दोन बोल्ट पट्टीला आवळले. टोक जमिनीला टेकवलं, पुली गप्प! कॅम लॉक करायला ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा. एका दुपारचं काम. वर्षानुवर्षांतून एकदा लागणाऱ्या वस्तूंचा संच विकत कशाला घ्यायचा, हे मला कुणीतरी पटवून द्या.

व्हर्नियर:
पट्टी झकास. ड्रिल बिटवर मात्र फुली. कॅम लॉक करायची कारखान्याची पिन म्हणजे नुसता खुंटा नव्हे, माप आहे. कॅमच्या केंद्रापासून 30 मिमीवरच्या भोकात अर्धा मिमी ढिलाई राहिली तर कॅम जवळपास 1 अंश हलतो. कॅमचा एक फेरा म्हणजे क्रँकचे दोन, म्हणजे क्रँकवर 2 अंश. शिवाय ड्रिल बिट ठिसूळ. आत तुटलं की बसा उकरत.

लोखंडी_हात:
2 अंशांनी काय आभाळ कोसळतं? 20 दातांच्या पुलीवर एक दात चुकला तर 18 अंश जातात. तेवढी चूक पुलींवरच्या जुळवायच्या खुणा बघून कळतेच. मी पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला, खुणा जागेवर आल्या.

काळे_हात:
दोन फेरे फिरवलेत हे उत्तम, निम्मे लोक तेवढंही न करता सेल मारतात आणि मग वाकलेले व्हॉल्व्ह घेऊन आमच्याकडे येतात. पण खुणा नसलेल्या इंजिनाचं काय कराल? काहींत पुलीला चावीच (पुली दांड्यावर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला तुकडा) नसते, बोल्टच्या आवळण्यावरच ती धरून राहते. तिथे पिन हाच एकमेव आधार.
आणि एक विचारू? कॅमचा बोल्ट त्याच बिटच्या भरवशावर सोडवलात का? पिन जागा दाखवायला असते, जोर झेलायला नाही. कारखान्याची पिनसुद्धा त्याने वाकते.

लोखंडी_हात:
कॅमच्या बोल्टला हातच लावला नाही हो.

काळे_हात:
मग वाचलात.

नवशिका_77:
लोखंडी_हातांना +१. टेन्शनरचा (बेल्टला ताण देणाऱ्या पुलीचा) दोन टोकांचा पाना मी जुन्या सर्क्लिप पक्कडीने भागवला. निसटला तर फार तर बोटं सोलतात.

व्हर्नियर:
बोटं सोलणं स्वस्तातलं. ताण कमी पडला तर बेल्ट दात ओलांडतो, जास्त झाला तर बेअरिंग ओरडायला लागतं. पक्कड चालेल, पण टेन्शनरचा काटा खुणेवर असतानाच नट आवळा, आणि आवळताना काटा सरकत नाही ना ते बघा. सगळी गंमत तिथेच होते.

लोखंडी_हात:
आत्ता बिट मोजलं. 8 मिमीचं म्हणून घेतलेलं, दांडा 7.8 निघाला. ठीक आहे, पिन विकत आणतो. पट्टी मात्र भिंतीवर टांगलीय, ती कुणाच्या बापाला देणार नाही.