अनुभव धागा : चुकलेला अहवाल आणि मूळ पावती

डेटा वेअरहाऊसमधून, म्हणजे ठिकठिकाणच्या नोंदी अहवालांसाठी एकत्र साठवलेल्या भांडारातून, निघालेला अहवाल चुकला की पहिला संशय अहवाल लिहिणाऱ्यावर जातो. चूक मात्र बहुधा दोन पायऱ्या मागे असते. आपण शोधून काढलेली अशी चूक, ती कशी सापडली यासह, येथे लिहावी ही विनंती. सुरुवात मी करतो.

सांगलीतील एका हळद अडत पेढीच्या अहवालात विक्रीचा आकडा वहीपेक्षा जास्त येऊ लागला. बेरजेवरून काही कळेना, म्हणून मी एकच हिशेबपट्टी घेऊन तिचा क्रमांक टप्प्याटप्प्याने शोधत गेलो. फॅक्ट टेबलपर्यंत, म्हणजे व्यवहारांच्या मूळ आकड्यांच्या तक्त्यापर्यंत, ती एकदाच होती, पण खरेदीदारांच्या टेबलाशी जॉइन होताच, म्हणजे जोडली जाताच, तिच्या दोन ओळी झाल्या. खरेदीदाराने गोदाम बदलले होते आणि जुन्या पत्त्याच्या नोंदीत अखेरची तारीख भरली न गेल्याने दोन्ही नोंदी चालू ठरत होत्या. सहकाऱ्याने सुचवलेले ‘डिस्टिंक्ट’, म्हणजे हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवण्याची आज्ञा, मी लावले नाही. त्याने आकडा जुळलाही असता, परंतु सारख्याच वजनाच्या आणि भावाच्या दोन खऱ्या पट्ट्याही एक होऊन बसल्या असत्या.

कराडहून : आमच्याकडे उसाच्या वजनाचा हंगामी एकूण आकडा अचूक येत असे, रोजचा मात्र कधीच जुळत नसे. वजनकाट्याची पहाटे ४ वाजून ५० मिनिटांची एक पावती आदल्या दिवसात सापडली, तेव्हा उलगडा झाला. वेअरहाऊसमध्ये लोड करताना वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, जात होती आणि तारीख त्यावरूनच काढली जात होती. त्यामुळे मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतच्या सगळ्या गाड्या एक दिवस मागे पडत होत्या. एकूण बेरीज जुळते म्हणून आम्ही आठवडाभर गाफील राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

वाळव्याहून : साखर उताऱ्याची, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली त्याची, सरासरी ही आमची चूक. एके दिवशी ४,००० टन गाळप होऊन उतारा ११ टक्के आला आणि दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडल्याने ५०० टनांवर ९ टक्के, तर अहवाल दोन्ही टक्केवारींची साधी सरासरी काढून १० टक्के दाखवी. एकूण साखर भागिले एकूण ऊस केल्यास तो १०.७८ येतो.

साताऱ्याहून : माझ्या वेळी अहवाल बरोबरच होता. साहेब तो ज्या एक्सेल फाइलशी ताडून पाहत होते, तिच्यात मार्चनंतरची बिले चढवलेलीच नव्हती.