पापणी उचलण्याच्या ऑपरेशननंतर झोपेत डोळा उघडा राहतो

प्रश्न: पापणी फारच खाली होती, म्हणून सिलिकॉनची स्लिंग (पापणी टांगून धरणारी बारीक पट्टी) घालून कपाळाच्या स्नायूला जोडली आहे. आज पाचवा दिवस. झोपेत सुमारे 3 मिमी फट राहते. ती भरेल का?

उत्तर १: बरीच कमी होते, पण सावकाश. सूज दोन आठवड्यांत बहुतेक उतरते, पापणीची खरी उंची ठरायला दोन-तीन महिने जातात. पापणी आता कपाळाला टांगलेली आहे, त्यामुळे खाली बघताना ती डोळ्याबरोबर पूर्ण खाली न येणं कायमचं असू शकतं. खरी काळजी बुबुळ कोरडं पडण्याची. दिवसा दर एक-दोन तासांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले वंगणाचे थेंब घाला. झोपताना खालची पापणी ओढून आतल्या खोबणीत तांदळाच्या दाण्याएवढं डोळ्यांचं वंगणाचं मलम. मलमाने धूसर दिसतं, म्हणून ते अगदी शेवटी.

उत्तर २: झोपेत फटीतून काय दिसतं ते कुणाला तरी पाहायला सांगा. नुसता पांढरा भाग दिसला तर बरं, म्हणजे बुबुळ वर सरकतंय. काळं बुबुळच दिसत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

उत्तर ३: डोळा दुखणं, उजेड सहन न होणं, नजर अंधुक होणं: त्याच दिवशी दाखवा, बुबुळावर जखम असू शकते. भुवईवरच्या टाक्यातून पू आला तर स्लिंगला संसर्ग झालेला असू शकतो. कधी ती काढावीही लागते.