तात्पुरत्या टबात जुनी वाळू नकोच

खाऱ्या पाण्याचा कोरल-टँक दुसरीकडे हलवताना सगळं काही दिवस तात्पुरत्या टबात ठेवावं लागतं. तेव्हा ‘जुनी वाळू तशीच उचला, अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यातच असतात’ असं काही जण सांगतात, ते निम्मंच खरं. बॅक्टेरियांचा मोठा साठा लाइव्ह रॉकमध्ये, म्हणजे टँकमधल्या सच्छिद्र दगडांत असतो. वाळूच्या तळाशी साचलेला असतो तो गाळ. ढवळलात की अमोनिया चढतो, आणि काळा थर दिसून सडक्या अंड्यांचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. टबाचा तळ उघडाच ठेवा. रॉक, वेव्हमेकर (पाणी फिरवत ठेवणारा पंप), हीटर पुरे. वाळू वापरायचीच तर मिठाच्या पाण्याने निवळ येईपर्यंत धुवा, नळाच्या नव्हे.

दुसरा मुद्दा बाष्पीभवनाचा. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे टबावर पंखा लागतोच. कोरड्या हवेत तो पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो, पण पातळीही भराभर घटते. मीठ मात्र मागेच राहतं, म्हणून १.०२५ ची ग्रॅव्हिटी (पाण्याचा खारेपणा दाखवणारी विशिष्ट घनता) वर सरकते. टबावर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ साधं आरओ पाणी रेघेपर्यंत भरा, खारं नाही. पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा पाणी थंड करणारा चिलरच हवा. आणि हो, टँक हलवताना बडोद्यातल्या बडोद्यात, दांडिया बाजार ते मांजलपूर एवढंच अंतर असलं तरी कोरल थर्माकोलच्या पेटीत, पाण्याखालीच, आणि पहाटे न्या.