मदत हवी आहे: नवा पीसी घेतला, जुने गेम आणि सेव्ह कसे आणू?

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात घरी नवा पीसी आला, विंडोज ११ वाला. जुना २०१०चा, विंडोज ७ वर. २०२४पासून स्टीम (गेम विकत घेऊन उतरवायचं अ‍ॅप) विंडोज ७ वर चालायचं बंद झालं, म्हणून शेवटी नवा घेतला. जुना अजून सुरू होतो, पण आई म्हणते घरात दोन दोन डबे कशाला, रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाक. त्यामुळे जरा घाई आहे.

अडचणी दोन.

पहिली, जीटीए फाइव्ह. स्टीमवर घेतलेला आहे, पण नव्या पीसीवर १०० जीबीच्या वर डाउनलोड दाखवतंय. आमचं नेट बघता आठवडा जाईल. जुन्या डिस्कवर अख्खा गेम आहे, तो फोल्डर उचलून इकडे टाकला तर चालेल का?

दुसरी अडचण जास्त जिव्हाळ्याची. एनएफएस (नीड फॉर स्पीड) मोस्ट वाँटेड, २००५चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. सीडी दादाने पहिल्या पगारातून आणली होती. दोघांचं एकच प्रोफाइल, नाव दोघांच्या आद्याक्षरांचं. ब्लॅकलिस्टमधले, म्हणजे गेममध्ये हरवायच्या रेसरांच्या यादीतले, १५ पैकी १२ जण हरवून झालेत, उरले तीन. मग दादा नोकरीसाठी बाहेर गेला आणि ते तिथेच राहिलं. दिवाळीला तो येतोय, तेव्हा उरलेले तिघे एकत्र बसून संपवायचे असं ठरलंय.

नव्या कॅबिनेटला डीव्हीडी ड्राइव्हची जागाच नाही, म्हणून मैत्रिणीकडून यूएसबीवाला आणला. इन्स्टॉल करताना घालायचा कोड कव्हरमागच्या स्टिकरवर आहे, त्यातलं एक अक्षर पुसलंय, बी आहे की ८ कळेना, दोन्ही घालून पाहिलं, ८ने उघडलं. इन्स्टॉल व्यवस्थित झाला. पण आयकॉनवर डबल क्लिक केलं की माउसचं चक्र एकदा फिरतं आणि संपलं. एरर नाही, काही नाही. कंपॅटिबिलिटीत जुनं विंडोज एक्सपी निवडून पाहिलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. तेच.

कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, जीटीएचं सोपं आहे, परत डाउनलोड करू नका. जुन्या डिस्कवर स्टीमच्या फोल्डरात स्टीमअ‍ॅप्स, त्यात कॉमन, त्यात गेमचा फोल्डर. तो घ्या. शिवाय स्टीमअ‍ॅप्समध्येच अ‍ॅपमॅनिफेस्ट नावाची, पुढे २७१५९० आकडा असलेली छोटी फाइल आहे, तीही घ्या. लोक हीच विसरतात आणि मग स्टीम पहिल्यापासून डाउनलोड मागतं. नव्या पीसीवर स्टीम पूर्ण बंद करा, दोन्ही त्याच जागी ठेवा, स्टीम चालू करा आणि गेमच्या प्रॉपर्टीजमधून फाइल्स तपासायला लावा. कमी पडेल तेवढंच उतरेल.

गेमचा फोल्डर म्हणजे सेव्ह (कुठवर खेळलाय त्याच्या फाइल्स) नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. स्टोरी मोडचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये रॉकस्टार गेम्सच्या फोल्डरात असतात. मोस्ट वाँटेडचं प्रोफाइलही डॉक्युमेंट्समध्येच, गेमच्या नावाच्या फोल्डरात. अख्खं डॉक्युमेंट्स कॉपी करा. अ‍ॅपडेटा नावाचा फोल्डर लपवलेला असतो, हिडन फाइल्स दाखवायला सांगून तोही घ्या, बरेच गेम तिथे सेव्ह ठेवतात.

प्रतिसाद २

मोस्ट वाँटेडबद्दल. तुमची सीडी खराब नाही आणि तुमचं काही चुकलेलंही नाही. त्या सीडीवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण आहे. सीडी अस्सल आहे का हे तपासायला त्याला विंडोजमधला एक ड्रायव्हर (छोटा प्रोग्रॅम) लागतो. त्यात सुरक्षेची भोकं होती, म्हणून २०१५मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून तो दिलाच जात नाही, ११मध्येही नाही. तपासणीच होत नाही म्हणून गेम मुकाट्याने बंद होतो. त्या काळातल्या बऱ्याच सीडींचं हेच झालंय.

‘सीडीशिवाय चालवा’ म्हणणाऱ्या फाइल्स कुठल्याही साइटवरून उतरवू नका, व्हायरस घरात घेण्याचा तो राजमार्ग आहे. तुमच्याकडे विंडोज ७ चा चालता पीसी आहे, यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. तो भंगारात देऊ नका. नेटची वायर काढून फक्त जुन्या गेमांसाठी ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार!

जीटीए झाला. कॉपीला दीड तास लागला, तपासून झाल्यावर जेमतेम २ जीबी उतरवलं आणि सेव्हसकट उघडला. मोस्ट वाँटेडचं प्रोफाइल दोन पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलंय, एवढीशी फाइल आहे. आईला दादाच्या सीडीचं सांगितलं, तर म्हणाली, मग राहू दे. जुना पीसी आता माळ्याखालच्या टेबलावर.

एकच विचारायचं राहिलं. त्याची तारीख दर वेळी मागे जाते आणि सुरू होताना एफ१ दाबावं लागतं. मदरबोर्डवरचा सेल बदलायचा का?

प्रतिसाद २

हो, सीआर २०३२ लिहिलेला गोल सेल. घड्याळवाल्याकडेही मिळेल. पॉवरची वायर काढून मगच बदला, लिहिलेली बाजू वर ठेवा. नंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन तारीख लावा.